दारापर्यंत गेलेले रुग्णालय : बार्शीच्या कॅन्सर कार्याची चार दशके

माझे गाव उरण. बार्शीचा आणि उरणचा तसा काही संबंध नाही. इकडे मिठागरे आणि मोऱ्याचा धक्का, तिकडे ज्वारी, डाळीच्या गिरण्या आणि भगवंताचे देऊळ. तरी या स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण नोकरीची सगळी वर्षे मी आरोग्यसेविका होते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची जी तपासणी आम्हाला शिकवली गेली, तिच्यामागचा बराचसा पुरावा बार्शी आणि आसपासच्या गावांतून आलेला आहे. प्रशिक्षणात हे कोणी सांगितले नव्हते. मला ते फार उशिरा कळले.

सुरुवात मात्र उरणपासून करते. १९८४ साल, आमच्याकडचे शेतकरी आंदोलनाचे वर्ष. शेजारच्या काकूंची पाळी जाऊन तीन वर्षे झाली होती आणि अंगावरून पुन्हा जायला लागले होते. घरात त्या कोणाला बोलल्या नाहीत. जुन्या लुगड्याच्या घड्या करून वापरायच्या आणि धुऊन परसात, कोणाच्या नजरेस पडणार नाहीत अशा वाळत घालायच्या, असे पाच-सहा महिने चालले. वास यायला लागला तेव्हा सुनेच्या ध्यानात आले. मग मोऱ्याहून लाँचने भाऊचा धक्का आणि तिथून टॅक्सीने परळ. ओहोटीमुळे लाँच उशिरा सुटली. तोवर काकू धक्क्यावर गाठोड्याला टेकून बसल्या होत्या आणि समोर मुंबई दिसत होती. टाटा रुग्णालय इतके जवळ असून काकू तिथे पोचल्या त्या तिसऱ्या टप्प्यात.

रुग्णालय जवळ असणे वेगळे आणि बाई त्यात वेळेवर पोचणे वेगळे, हे त्या दिवशी धक्क्यावर मला नीटसे कळले नव्हते. बार्शीच्या मंडळींनी ते ओळखले आणि पुढे मोजून दाखवले.

१९८१ ते १९९० : नाव नर्गिसचे, गाव बार्शी

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत कॅन्सर म्हटले की परळ, एवढेच ठाऊक होते. बार्शीकडच्या रुग्णाने १८९७ पासून धावणारी ‘बार्शी लाइट’ ही नॅरोगेज गाडी धरायची, कुर्डुवाडीला उतरायचे, रात्रीची मुंबईची गाडी पकडायची आणि सकाळी परळच्या रांगेत उभे राहायचे. एकदा जाणे कसेही जमते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला किरणोपचार म्हणजे ‘शेक’ द्यायचा तर पाच-सहा आठवडे जवळजवळ रोज हजेरी लागते. तेवढे दिवस घरची भाकर कोणी थापायची, शेळ्या कोणी बघायच्या, मुंबईत राहायचे कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा हजारोंना आसरा दिला, तरी सगळ्यांना तिथे जागा कुठून मिळणार? अर्धा शेक घेऊन गावी परतलेल्या बाया पुष्कळ. आमच्या भाषेत त्यांना ‘ट्रीटमेंट सोडलेल्या’ म्हणतात. खरे तर ट्रीटमेंटच त्यांच्या आवाक्याबाहेर राहिलेली असे.

अशा वेळी १९८२ मध्ये तालुक्याच्या गावी कॅन्सरचे रुग्णालय काढायचे धाडस डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. अश्विनी ग्रामीण कॅन्सर संशोधन आणि मदत संस्था हे त्यामागचे अधिष्ठान. रुग्णालयाला नाव दिले नर्गिस दत्त यांचे. आदल्या वर्षी, ३ मे १९८१ रोजी त्यांचे स्वादुपिंडाच्या कॅन्सरने निधन झाले होते. जिच्यावर न्यूयॉर्कला उपचार झाले त्या नटीचे नाव बैलगाडीतून रुग्ण येणाऱ्या रुग्णालयावर लागले. पुढे ‘नर्गिस दत्त हॉस्पिटल’ हे नाव त्या भागात इतके रुळले, की नावामागची नटी कोण हे नव्या पिढीला सांगावे लागते.

सुरुवातीच्या दिवसांबद्दल एवढेच म्हणते, की अशा कामात जे जे कमी पडते ते सगळे कमी पडत होते. तज्ज्ञ कमी, यंत्रे कमी, पैसा कमी. परळच्या टाटा केंद्राचा हात मात्र पाठीवर राहिला आणि त्यातून ग्रामीण कॅन्सर प्रकल्प उभा राहिला. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, जीपचे चालक, गावोगाव फिरणारे क्षेत्रकार्यकर्ते या सगळ्यांनी मिळून ही संस्था वाढवली. मतभेद कुठे होत नाहीत? इथेही झाले असतील. स्मरणिकेत त्यांना जागा देण्याचे कारण नाही.

या दशकातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल रुग्णालयाच्या इमारतीबाहेर पडले. १९८७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने बार्शी ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. देशातल्या ग्रामीण लोकसंख्येची ही पहिली कॅन्सर नोंदणी. मुंबईची नोंदणी १९६० च्या दशकापासून होती, पण तिथे रुग्णालयांतले कागद गोळा केले की बरेचसे भागते. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत कागदच नव्हते. माणूस खंगून मेला तर ‘म्हातारपणानं गेला’ आणि बाई रक्त जाऊन मेली तर ‘बायकांचं काहीतरी होतं’, एवढ्यावर विषय संपायचा. तेव्हा नोंदणी करायची तर गावात जाऊन बसायला हवे, पारावर, शाळेत, ओट्यावर. कोणाला बरे न होणारी जखम आहे, कोणाच्या छातीत गाठ आहे, कोणाच्या अंगावरून फार जाते, हे विचारायला हवे. आणि विचारायचे तर आधी ही लक्षणे कशाची असू शकतात ते समजावून द्यायला हवे. नोंदणीसाठी गेलेला माणूस अशा रीतीने आपोआप शिक्षक झाला. दूरदर्शनवरच्या जाहिराती किंवा मोठ्या सभा यांतून बार्शीचा प्रचार झाला नाही. वही घेऊन पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळखीच्या माणसाने तो केला. टाटा केंद्रातल्या संख्याशास्त्रज्ञ डॉ. कस्तुरी जयंत यांनी या कामाला शिस्त दिली.

नोंदणीतून पहिल्याच काही वर्षांत एक गोष्ट लख्ख दिसली. या भागातल्या बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये गर्भाशयमुखाचा पहिला होता.

१९९० चे दशक : ‘लवकर’ म्हणजे किती लवकर?

गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून येतो, बहुतेक जणींच्या अंगातून आपोआप निघूनही जातो. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो, गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी बिघडवतो आणि त्या बिघाडाचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. इतकी सवड फार थोडे कॅन्सर देतात. आणि तरीही बाया शेवटच्या टप्प्यात येतात, कारण त्या दहा-पंधरा वर्षांत दुखत काहीच नाही. दुखत नसताना टेबलावर चढायचे, पाय फाकवायचे आणि परक्या बाईला आत बघू द्यायचे, ही गोष्ट आमच्या समाजात सोपी नाही. त्यात ‘शरीरसंबंधातून’ हा शब्द कानावर पडला की उभ्या गावाचे डोळे बाईकडे वळतात. तिच्या नवऱ्याकडे कोणी बघत नाही.

बार्शीकरांनी या दशकात दोन गोष्टी करून पाहिल्या. पहिली म्हणजे निव्वळ माहिती देण्याने काही फरक पडतो का, हे तपासणे. नोंदणीच्या गावांमधून पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातच रुग्णालयात येणाऱ्या बायकांचे प्रमाण चार-पाच वर्षांत ठळकपणे वाढल्याचे त्यांना दिसले आणि १९९५ मध्ये तो निष्कर्ष ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये प्रसिद्ध झाला. कुठलेही नवे यंत्र न आणता, केवळ बोलून. या एका निष्कर्षाबद्दल मला बार्शीचे जेवढे कौतुक आहे तेवढे पुढच्या मोठ्या कामाचेही नाही, हे प्रांजळपणे सांगते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तीला नुसत्या डोळ्यांनी गर्भाशयमुख तपासता येईल का, हे पाहणे. १९९६ मध्ये तोही अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या नजरेची मर्यादा त्यात कळली. सुरुवातीचा बिघाड साध्या डोळ्यांना फारसा दिसत नाही. पण खेड्यातल्या बाईची ही तपासणी डॉक्टरशिवाय दुसरे कोणी करू शकते, हा विचार रुजला.

याच दशकात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा उद्ध्वस्त झाला. पुढे ज्या जिल्ह्यात बार्शीने आपले सर्वांत मोठे काम केले, तो हाच उस्मानाबाद, आजचा धाराशिव.

२००० चे दशक : एक लाख एकतीस हजार बायका

ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झालेल्या तपासणीच्या अभ्यासाबद्दल थोडे सविस्तर लिहिते. संस्थेच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे प्रकरण आहे.

प्रश्न साधा होता. तपासणीच्या तीन रीती जगात होत्या. पहिली पॅप स्मिअर. गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून काचपट्टीवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. श्रीमंत देशांनी याच रीतीने हा कॅन्सर आटोक्यात आणला, पण त्यासाठी जाणकार पेशीतज्ज्ञ हवेत. दुसरी व्हिनेगरची. पातळ केलेले ॲसेटिक ॲसिड लावायचे, एक मिनिट थांबायचे, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. तिसरी एचपीव्ही विषाणूची थेट चाचणी, तेव्हा महाग आणि नवी. बाईला जन्मात एकदाच तपासता येणार असेल, तर या तिन्हींतली कोणती तिचा जीव वाचवते? फ्रान्समधल्या ल्याँ येथील आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन, टाटा केंद्राचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि डॉ. केतायून दिनशॉ, आणि बार्शीचे डॉ. नेने व त्यांची तुकडी यांनी हा प्रश्न सोडवायला घेतला.

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यांत होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे चार मोठे गट पाडले आणि तिघांना एकेक तपासणी वाटून दिली. चौथ्या गटाला नेहमीच्याच सोयी आणि माहिती. तपासणीविना राहिलेल्या या चौथ्या गटावरून पुढे वैद्यकीय जगात बरीच चर्चा झाली आणि ती होणे रास्तच होते.

हे काम गावात कसे चालत असेल ते मला डोळ्यांसमोर आणता येते, कारण नंतर आम्हीही तेच केले. शाळेची खोली किंवा ग्रामपंचायतीचे कार्यालय मागून घ्यायचे. खिडकीला चादर बांधायची, टेबलावर रबरी कापड टाकायचे, दिवा ठेवायचा आणि स्टीलची उपकरणे उकळून तयार ठेवायची. बाहेर सतरंजीवर बाया बसलेल्या. पहिली कोणी आत जायला तयार नसते. मग एखादी धीट, बहुतेक वेळा सुईण, अंगणवाडीसेविका किंवा गावात वजन असलेली एखादी सासूबाई, पदर खोचून उठते. पाच मिनिटांत बाहेर येते आणि म्हणते, “काय नाय गं, चिमटा बी नाय बसला.” त्या वाक्यानंतर रांग लागते. आमच्याकडे उरणला एक मासळीवाली टोपली बाहेर ठेवून आत आली होती. “मना काय झायलाय? मी त धडधाकट हाय,” असे म्हणत चढली. तिच्या गर्भाशयमुखावर व्हिनेगर लावल्यावर पांढरा डाग उमटला. तिला पुढे पाठवले आणि वेळेत उपचार झाला. ती न येती तर तिचे धडधाकटपण आणखी दहा वर्षे टिकले असते. पुढचे मला बोलवत नाही.

बार्शीच्या अभ्यासात तपासणीसाठी बोलावलेल्या दहांपैकी जवळपास आठ बायका आल्या. खेड्यात, या कामासाठी, हा आकडा थोर आहे. तुलनेने कमी आल्या त्या वयस्क, कमी शिकलेल्या आणि नवरा नसलेल्या. विधवा बाईला ‘त्या’ तपासणीची काय गरज, हा समज कुठल्याही जिल्ह्यात सारखाच भेटतो. आमच्या काकूही विधवाच होत्या.

आठ वर्षे या बायकांचा माग ठेवला गेला. निष्कर्ष २ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८. पुढच्या टप्प्याचा कॅन्सर पहिल्या गटात ३९ जणींना, दुसऱ्यात ८२ जणींना. या कॅन्सरने गेल्या पहिल्या गटात ३४ आणि दुसऱ्यात ६४. एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले. पॅप स्मिअर आणि व्हिनेगर एकदाच केले तर मृत्यूंमध्ये असा ठसठशीत फरक दिसला नाही.

व्हिनेगरवर विश्वास ठेवून वर्षानुवर्षे काम केलेल्या माझ्यासारखीला हे वाचून वाईट वाटले होते. पण मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा केंद्राने १९९८ पासून केलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने धीर दिला. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या, वस्तीतल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत व्हिनेगरची तपासणी केली. तपासणीच्या वस्त्यांत ७५ हजारांवर बायका होत्या आणि त्यांच्यातले या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे व्हिनेगर एकदा लावून भागत नाही, पुन्हा पुन्हा जावे लागते. एचपीव्ही चाचणी एकदाही पुष्कळ सांगून जाते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, त्या शिफारशीमागच्या पुराव्यात उस्मानाबादच्या बायका आहेत.

अमेरिकेतल्या त्या नियतकालिकात लेखकांची नावे दीड डझन आहेत. ज्यांनी उन्हातान्हात उंबरे झिजवले त्या परिचारिका आणि कार्यकर्त्यांची नावे तिथे मावणार नव्हतीच.

२०१० चे दशक : थांबलेला अभ्यास, वाचलेल्या बायका

२००९ मध्ये एचपीव्ही लसीचा मोठा अभ्यास देशात अनेक ठिकाणी सुरू झाला. बार्शी हे त्यातले एक केंद्र. दहा ते अठरा वर्षांच्या मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहायचे होते. एप्रिल २०१० मध्ये, आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पावरून वादळ उठले आणि सरकारने या लसीचे सगळे अभ्यास थांबवले. तोवर या अभ्यासात १७ हजारांवर मुलींना लस मिळाली होती. त्यांपैकी जवळपास पाच हजार जणींना एकच डोस मिळालेला, पुढचे राहूनच गेले.

अभ्यास मोडला म्हणून हातावर हात धरून बसता आले असते. सगळ्या केंद्रांनी ठरवले, की दिलेल्या लसीचा माग सोडायचा नाही. मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या, तरी शोधून काढायचे. नोंदणीच्या काळात लागलेली, त्याच माणसाकडे पुन्हा जायची सवय बार्शीला इथे कामी आली. दहा वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आला. सर्वांत घातक अशा १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूंचा चिकटून राहणारा संसर्ग रोखण्यात एक डोस दोन-तीन डोसांइतकाच कामाचा निघाला, ९५ टक्क्यांच्या आसपास. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसालाही मान्यता दिली. गरीब देशांत निम्म्या खर्चात लस देता येणे शक्य झाले, त्याच्या मुळाशी हा अर्धवट राहिलेला अभ्यास आहे.

दशकाच्या शेवटी, २०१९ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातून एक वाईट बातमी आली. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे उघड झाले. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पांढरे जाते, कंबर दुखते, आणि ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती. माहिती पोचली नाही की तिच्या जागी भीती पोचते. जनजागृती करणाऱ्यांनी हे विसरू नये, आणि यात मीही आले. लक्षणे सांगताना ‘पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे, तपासून घ्या’ हे दुसरे वाक्य आम्हीही कधीकधी घाईत गाळलेले आहे.

या दशकात खर्चाचा भार थोडा उतरला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे ती महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली. पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूरही होता आणि आमचा रायगडही. कागद पुरे असतील तर शेक आणि शस्त्रक्रिया मोफत झाल्या. रेल्वेत आणि एसटीत कॅन्सर रुग्णांना सवलत मिळते, तीही पुष्कळांना माहीत नसते.

बऱ्या झालेल्या बायकांबद्दल मात्र आपण कमी बोलतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरातून उठलेली बाई रुग्णालयातून घरी येते तेव्हा खरी पंचाईत सुरू होते. शेकानंतर योनिमार्ग आकसतो, लघवीची आग होते, शौचातून रक्त जाते, पायाला सूज येते. तरुण असेल तर पाळी कायमची बंद. हे डॉक्टरांना विचारायला लाज वाटते आणि नवऱ्याला सांगायला भीती. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी तपासणीला जायचे असते, त्यालाही सोबत लागते. बार्शीत ज्या घरी कार्यकर्ता नोंदीसाठी जायचा, त्याच घरी पुढची विचारपूसही व्हायची. या आधाराला काही भपकेबाज नाव नव्हते. त्याच माणसाने पुन्हा दारात येऊन ‘बरं आहे का?’ विचारायचे, एवढेच.

आमच्या काकू शेकानंतर अकरा वर्षे जगल्या. गावात त्यांनी शेवटपर्यंत ‘पोटाचं ऑपरेशन झालं’ असेच सांगितले. पण हळूहळू कोणाच्या अंगावरून जास्त जायला लागले की ती बाई काकूंकडे यायची. काकू दार लावून घ्यायच्या आणि सांगायच्या, “जा परळला. उशीर नको करूस.” कोणतेही पत्रक न काढता त्यांनी किती जणींना लाँचवर बसवले असेल, ते मला मोजता येणार नाही.

२०२० नंतर : आजचे काम

१७ नोव्हेंबर २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने गर्भाशयमुखाचा कॅन्सर जगातून हटवण्याची मोहीम जाहीर केली. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाआधी लस, ७० टक्के बायकांची ३५ आणि ४५ व्या वर्षी चांगल्या चाचणीने तपासणी, आणि आजार सापडलेल्यांपैकी ९० टक्के बायकांना उपचार, असे उद्दिष्ट आहे. एखादा कॅन्सर संपवायचा, असे जगाने प्रथमच म्हटले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस तयार केली आणि २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली. देशात दरवर्षी सव्वा लाखावर बायकांना हा कॅन्सर होतो आणि ८० हजारांच्या आसपास बायका त्याने मरतात, हा २०२२ चा अंदाज आहे. उद्दिष्ट किती दूर आहे ते त्यावरून कळते.

बार्शीत आज रुग्णालय, नोंदणी, शिबिरे आणि प्रशिक्षण ही चारही कामे चालू आहेत. बार्शीच्या अनुभवावर उस्मानाबाद आणि बीडच्या नोंदणीचेही काम उभे राहिले. ‘बार्शी लाइट’ची रुंद लाइन झाली, बैलगाड्या गेल्या, बायकांच्या हातात मोबाइल आले. वही घेऊन गावात जाणारा माणूस मात्र अजून लागतोच. आता त्याच्या जोडीला आशाताई आहेत, आणि तीस वर्षांवरच्या बायकांची यादी त्यांच्याकडे असते.

आमच्या उरणलाही वाटा बदलल्या. २००२ पासून खारघरला टाटा केंद्राचे संशोधन आणि उपचार केंद्र आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी सुरू झाली. मोऱ्याच्या धक्क्यावर ओहोटी उलटायची वाट पाहत बसायची आता गरज नाही. शिवडी वीस-पंचवीस मिनिटांत येते. पण परसात लपवून वाळत घातलेल्या घड्या आणि डॉक्टरांचे टेबल यांच्यातले अंतर पुलाने कमी होत नाही. ते कमी करायला बार्शीने घेतलेलीच रीत घ्यावी लागेल.

बार्शीच्या सर्व संस्थापकांना, डॉक्टरांना, परिचारिकांना, क्षेत्रकार्यकर्त्यांना आणि विशेषतः पहिल्यांदा पदर खोचून आत गेलेल्या त्या अनाम बायकांना उरणकरांचा नमस्कार. आणि वाचणाऱ्या बहिणींना एक विनंती. तीस ओलांडली असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तपासणीचा दिवस विचारा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून गेले, किंवा संबंधानंतर रक्त दिसले, तर तपासणीच्या दिवसाची वाट बघू नका, लगेच जा. आणि जाताना शेजारणीला बरोबर घ्या. दोघी असल्या की टेबलावर चढायला धीर येतो.